संस्थापिका थांबल्यानंतर: एका निवासी साधना केंद्राचे प्रकरण

हे प्रकरण एका निवासी साधना केंद्राच्या साधारण तीन वर्षांचे आहे. केंद्राची आणि माणसांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. रकमाही चलनात दिलेल्या नाहीत. बदलाआधी एका शिबिरार्थीचे एका दिवसाचे जे शुल्क होते ते १०० एकक धरले आहे आणि पुढचे सगळे हिशेब त्याच मापात आहेत.

पार्श्वभूमी

केंद्र एका विश्वस्त संस्थेचे आहे. २२ खोल्या, त्यात ४० खाटा: १८ खोल्या दोघांच्या, ४ एकेकट्यांच्या. एक ध्यानकक्ष, एक स्वयंपाकघर, स्वतःची विहीर आणि सांडपाण्यासाठी सेप्टिक टँक. पगारी माणसे पाच: व्यवस्थापक, मुख्य आचारी, स्वयंपाकघरातला मदतनीस, एक सफाई कर्मचारी आणि नळ-वीज-बाग बघणारा एक जण. बाकीचे काम शिबिराच्या वेळी येणारे सेवेकरी करत.

संस्थापिकेने १८ वर्षे केंद्र चालवले. वर्षाला त्यांची पाच दिवसांची १४ मौन शिबिरे होत आणि सरासरी ३४ जण येत. याखेरीज दोन-दोन दिवसांसाठी जागा भाड्याने घेणारे बाहेरचे २० गट असत, सरासरी २६ जणांचे, दिवसाला माणशी ८० एकक या दराने. उत्पन्नातला जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा संस्थापिकेच्या शिबिरांचा होता.

जेवण, इंधन, धुलाई असा माणसागणिक वाढणारा खर्च दिवसाला ३५ एकक. म्हणजे स्वतःच्या शिबिरात माणशी ६५ आणि बाहेरच्या गटात माणशी ४५ एकक हाती राहत. वर्षभराचे मिळून २,०१,५०० एकक उरत. पगार, विमा, कर, विजेचे किमान आकार आणि रोजची देखभाल असा कोणी आले न आले तरी होणारा स्थिर खर्च १,९०,००० होता. वरकरणी केंद्र नफ्यात दिसे. पण छप्पर, बॉयलर, गाद्या झिजतात त्यासाठी त्या स्थिर खर्चात एक पैसाही धरलेला नव्हता. चार महिन्यांच्या स्थिर खर्चाइतकी, म्हणजे सुमारे ६३,००० एककांची गंगाजळी होती आणि तिच्यावरच सगळ्यांचा भरवसा होता.

वयाच्या ७१ व्या वर्षी संस्थापिकेने थांबायचे ठरवले आणि विश्वस्तांना एक वर्ष आधी तसे कळवले.

अडचण

ते वर्ष विश्वस्तांनी एकच उत्तराधिकारी शोधण्यात घालवले. तो मिळाला नाही. शेवटच्या दोन महिन्यांत घाईघाईने तीन पाहुणे मार्गदर्शक ठरवले आणि १४ शिबिरांचे वेळापत्रक तसेच ठेवले. पहिल्या काही शिबिरांतच उपस्थिती सरासरी ३४ वरून १९ वर आली.

विश्वस्तांनी मांडलेला हिशेब बरोबर होता: असेच चालले तर वर्षाला हाती येतील १,३३,२५० आणि तूट येईल ५६,७५०. गंगाजळी वर्षभरात जवळजवळ संपेल.

या आकड्यात एक गोष्ट मात्र आलेली नव्हती. संस्थापिकेच्या प्रत्येक शिबिराला सातेक सेवेकरी येत आणि रोज पाच तास काम करत: भाजी चिरणे, भांडी, न्हाणीघरे, शेवटच्या दिवशी खोल्या आवरणे. सात माणसे, पाच तास, पाच दिवस, १४ शिबिरे म्हणजे वर्षाला २,४५० तास. एका पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामापेक्षा हे जास्त आहे. ते कोणत्याही खतावणीत नव्हते, कारण त्याचे पैसे कधी द्यावे लागले नव्हते. हे लोक केंद्रासाठी येत नव्हते, त्या एका व्यक्तीच्या सान्निध्यात राहण्यासाठी येत होते. त्या गेल्यावर सेवेकऱ्यांची यादी सहा महिन्यांत निम्म्यावर आली. बाहेरच्या गटांच्या वेळी तर कोणीच येईना. आणि ते योग्यच होते. भाडे भरून आलेल्यांची न्हाणीघरे फुकट का घासायची, या प्रश्नाला केंद्राकडे उत्तर नव्हते.

पहिला निर्णय: दिनदर्शिका भरणे

विश्वस्तांचा पहिला विचार सरळ होता. बाहेरच्या एका गटामागे २,३४० एकक उरतात. असे आणखी २५ गट घेतले की तूट भरून निघते. खोल्या रिकाम्याच होत्या आणि चौकशाही येत होत्या. ठराव एकमताने झाला.

सात महिन्यांत १६ जादा गट येऊन गेले. काय बिघडले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे, कारण प्रत्येक बिघाड आधीच्या बिघाडातून आला.

वर्षात रिकामे दिवस भरपूर होते, पण सगळ्या गटांना हवामान चांगले असतानाचे महिने आणि त्यातही शनिवार-रविवारच हवे असत. गट रविवारी दुपारी निघणार आणि सोमवारी संध्याकाळी शिबिर सुरू होणार, असे आठवडे एकामागून एक येऊ लागले. मधल्या वेळात संपूर्ण केंद्र उलटून पुन्हा लावायचे. दोघांच्या खोलीला ४० मिनिटे, एकट्याच्या खोलीला २५. नुसत्या खोल्यांचेच १३ तास ४० मिनिटे होतात. सामायिक न्हाणीघरे, ध्यानकक्ष, भोजनगृह आणि कपड्यांची ने-आण यांचे आणखी नऊ तास. एकूण जवळजवळ २३ मनुष्यतास, आणि पगारी सफाई कर्मचारी एक.

त्याहून अवघड गाठ धुलाईची होती. दर खाटेला खालची चादर, वरची चादर, अभ्रा आणि टॉवेल असे चार नग, म्हणजे १६० नग, वजनाने ६५ किलोच्या आसपास. धुलाईयंत्र एकच, ८ किलोचे. त्यात टॉवेल-चादरी नीट निघायच्या तर साडेसहा किलोपेक्षा जास्त भरता येत नाही. दहा घाण्या, प्रत्येकी ७० मिनिटे: यंत्र एक क्षणही न थांबता ११ तास ४० मिनिटे. वाळवण वेगळे. केंद्राकडे चादरींचे दोनच संच होते. पूर्वी दोन गटांत तीन-चार दिवस मिळत, म्हणून हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आता अर्धवट ओल्या चादरी घड्या करून कपाटात जाऊ लागल्या. तिसऱ्या महिन्यात कपाट उघडले की कुबट वास येई आणि अभ्र्यांच्या शिवणीवर बुरशीचे काळे ठिपके दिसत. तक्रारींची सुरुवात तिथून झाली.

चौथ्या महिन्यात सेप्टिक टँक. टँकचे काम संथपणावर चालते: गाळ खाली बसायला आणि तेलकट साय वर तरंगायला वेळ लागतो आणि मधले निवळलेले पाणीच शोषखड्ड्याकडे जायला हवे. चाळीस माणसांच्या आंघोळी आणि धुलाईयंत्राचे पाणी एकाच दिवशी लोटले की न बसलेला गाळ पुढे ढकलला जातो. त्यात स्वयंपाकघराचा ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातले तेल अडवणारी पेटी, कोणी उघडला नव्हता. ट्रॅपचा एक चतुर्थांश भाग तेल आणि गाळाने भरला की तो उपसावा, असा साधा दंडक आहे. हे काम पूर्वी एक जुना सेवेकरी न सांगता करत असे. तो येईनासा झाला आणि त्याच्याबरोबर ते कामही गेले. एका गटाच्या मुक्कामात तळमजल्याच्या दोन न्हाणीघरांत पाणी उलटे आले.

पाचव्या महिन्यात मुख्य आचाऱ्यांनी राजीनामा दिला. अकरा वर्षे इथे काम केलेले माणूस. त्यांची तक्रार माणसे जास्त झाल्याची नव्हती. गट उशिरा येतात, जेवणाच्या वेळा ऐनवेळी बदलतात आणि एकाचे आवरण्याआधी दुसऱ्याची तयारी सुरू होते, ही होती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत पाहुण्यांवरच्या प्रकरणात सांगितले आहे, की पाहुणे अवेळी येतात, म्हणून त्यांचे स्वयंपाकघर वेगळे असावे, त्यावर दोन जाणती माणसे वर्षभरासाठी नेमावीत आणि लागेल तेव्हा त्यांना मदत द्यावी. पाहुण्यांची अनियमितता राहत्या माणसांची लय मोडते, हे तेव्हाही माहीत होते. प्रत्येक नव्या विश्वस्त मंडळाला ते पुन्हा शिकावे लागते याचे वाईट वाटते.

वर्षअखेरीस हाती आले १,७०,६९०. स्थिर खर्च आणि टँक, बदली आचारी, नव्या चादरी यांचे १४,००० धरून गेले २,०४,०००. तूट ३३,३१०. कागदावर हे आधीच्या अंदाजापेक्षा बरे होते. पण गंगाजळी दोन महिन्यांपेक्षा कमी उरली होती, आचारी गेले होते आणि नेहमीचे चार गट पुन्हा येणार नाहीत असे कळवून मोकळे झाले होते.

दुसऱ्यांदा विचारात घेतलेले पर्याय

यावेळी बैठकीला व्यवस्थापक आणि सफाई कर्मचारी दोघांनाही बोलावले. हा बदल लहान दिसतो, पण पुढचे सगळे निर्णय त्यातून सुटले.

जमिनीचा एक तुकडा विकावा, असे दोन विश्वस्तांचे मत होते. मागच्या बाजूची जागा नुसती पडून आहे असा समज होता. नकाशा काढल्यावर दिसले की शोषखड्डा तिथेच आहे, विहिरीपासूनचे सुरक्षित अंतरही त्या जागेमुळेच राखले जाते आणि रस्त्याचा आवाज तिच्यामुळेच ध्यानकक्षापर्यंत पोचत नाही. पर्याय त्याच बैठकीत बाद झाला.

शुल्कच काढून टाकून सगळे दानावर चालवावे, हा दुसरा विचार मनापासून मांडला गेला. उदाहरण होते सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतल्या विपश्यना केंद्रांचे. तिथे शुल्क नसते आणि किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतले जाते. पण ते का चालते हेही बघायला हवे. तिथल्या सूचना आणि संध्याकाळची प्रवचने ध्वनिमुद्रित आहेत, सहायक आचार्य मानधन घेत नाहीत, अभ्यासक्रम सगळीकडे एकसारखा आहे. गोयंका २०१३ मध्ये गेले तरी शिबिरे थांबली नाहीत. या केंद्राची घडण नेमकी उलटी होती. येथे शिकवणे, माणसे जोडणे आणि दान येणे सगळे एकाच व्यक्तीभोवती फिरत होते. ती व्यक्ती थांबल्यावर दानाचा मार्ग धरणे म्हणजे उरलेली दोन महिन्यांची गंगाजळी पणाला लावणे होते.

जादा गट चालू ठेवून दोन सफाई कर्मचारी नेमणे हा तिसरा पर्याय. त्यात पैशाचा हिशेब बसत होता, पण चादरी, टँक आणि आचाऱ्याची अडचण सुटत नव्हती.

वळण आले ते व्यवस्थापकांनी फळ्यावर लिहिलेल्या तीन आकड्यांनी. संस्थापिकेच्या काळात वर्षाला केंद्र ३४ वेळा उलटून लावावे लागे. विश्वस्तांच्या ठरावाप्रमाणे ते ५९ वेळा लावावे लागले असते. प्रत्यक्षात झालेल्या ५० फेऱ्यांतच केंद्र मोडकळीला आले होते. तोवर सगळे खाटा मोजत होते. केंद्राची खरी मर्यादा या फेऱ्यांत होती. मग प्रश्न बदलला: फेऱ्या ३६ च्या वर न नेता प्रत्येक फेरीमागे जास्त कसे उरेल?

केलेली कामे

बाहेरच्या गटांना किमान तीन दिवसांचा मुक्काम बंधनकारक केला आणि वर्षाला २४ गटांची मर्यादा घातली. दर माणशी ८८ केला. एका फेरीमागे पूर्वी २,३४० एकक उरत, आता माणशी खर्च ३६ धरून २४ जणांच्या गटामागे ३,७४४ उरू लागले. गटाने किमान २० जणांचे पैसे भरायचे आणि अंतिम संख्या ४५ दिवस आधी कळवायची, असा लेखी करार आला.

दोन गटांत किमान एक पूर्ण रिकामा दिवस ठेवला. व्यवस्थापकालाही तो परस्पर देता येत नाही, त्यासाठी दोन विश्वस्तांची सही लागते. चादरींचे संच तीन केले: एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. दुसरे धुलाईयंत्र घेतले आणि ते चालवायचे वेळापत्रक दोन दिवसांत विभागले, म्हणजे टँकवरचा भार विखुरला. ग्रीस ट्रॅपचे झाकण दर सोमवारी उघडून पट्टीने मोजायचे आणि वहीत लिहायचे.

स्वतःची शिबिरे १४ वरून १२ केली आणि मार्गदर्शक चार ठेवले. शुल्काचे दोन भाग केले: निवास-भोजनाचे केंद्राकडे, शिकवण्याचे मार्गदर्शकाकडे. २८ दिवस आधी १६ नावे आली नसतील तर शिबिर घ्यायचे की रद्द करायचे हे दोघांनी मिळून ठरवायचे. नोंदणीच्या वेळी ३० टक्के आणि उरलेले २१ दिवस आधी. त्यानंतर रद्द केल्यास, जागा प्रतीक्षायादीतून भरली तरच परतावा. याआधी सगळे पैसे आल्यावर घेत, त्यामुळे आदल्या दिवशी सहा-सात जण गळत आणि आचाऱ्यांनी भरलेला माल वाया जाई.

सगळ्यात वेळखाऊ काम संस्थापिकेचे काम लिहून काढण्याचे होते. त्या तीन आठवडे केंद्रात येऊन राहिल्या आणि व्यवस्थापक वही घेऊन त्यांच्यासोबत फिरले. ६१ कामे निघाली. त्यातली शिकवण्याची ११. उरलेल्या ५० कामांबद्दल विश्वस्तांना कल्पनाच नव्हती. एक उदाहरण पुरे आहे. संध्याकाळची बैठक संपली की त्या ध्यानकक्षाबाहेरच्या फळीवर किती पादत्राणे उरली ते बघत. एखादी जोडी तिथेच राहिली तर आतला माणूस उठू शकत नाही, किंवा अनवाणीच कुठे तरी निघून गेला आहे. मौन शिबिरात माणूस बोलून सांगत नाही, म्हणून हे बघावे लागते. दीर्घ ध्यानात काहींना झोप उडणे, तीव्र भीती, जुन्या आघातांची उसळी असे त्रास होतात. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधकांच्या मुलाखतींतून असे अनुभव तपशीलवार नोंदवले आहेत. १८ वर्षे हे केंद्र या बाबतीत एका माणसाच्या नजरेवर विसंबून होते.

त्या नजरेची जागा पुढील व्यवस्थेने घेतली. नोंदणी अर्जात चालू औषधे, पूर्वीचे मानसिक आजार, अलीकडचा मृत्युशोक आणि तातडीच्या संपर्काचा क्रमांक विचारला जातो आणि अर्ज आलेल्या आठवड्यातच मार्गदर्शक तो वाचतो. आल्यादिवशी वाचणे निरुपयोगी असते, माणूस दारात उभा असताना नाही म्हणवत नाही. प्रत्येक शिबिरात दोन जण रात्रपाळीला असतात. पादत्राणांची फळी बघणे हे त्यांचे पहिले काम.

कडक हवामानाचे दोन महिने केंद्र पूर्ण बंद ठेवायचे ठरले. बंद काळातही आठवड्यातून एकदा प्रत्येक नळ आणि शॉवर काही मिनिटे वाहता ठेवावा लागतो आणि गरम पाण्याची टाकी चालू असेल तर ती ६० अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. हे काम पाठीमागे सहीचा तक्ता असलेल्या यादीत घातले.

निष्पत्ती

बदलानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षात १२ शिबिरांना सरासरी २६ जण आले. निवास-भोजनाचे शुल्क ११८ केले होते आणि माणशी खर्च ३६ वर गेला होता. सगळे गट भरले. हाती आले २,१७,७७६. स्थिर खर्च २,०७,००० झाला, पण त्यात एक जादा सफाई कर्मचारी आणि दुरुस्ती निधीचे १२,००० धरलेले आहेत. १०,७७६ उरले आणि ते गंगाजळीत गेले. फेऱ्या बरोबर ३६.

सगळे जमले असे नाही. परवडेल तसे शुल्क भरता यावे म्हणून सुरुवातीला तीन पायऱ्या ठेवल्या होत्या. वरच्या पायरीवर पुरेसे लोक येतील आणि खालच्यांचा भार उचलतील हा अंदाज चुकला. बहुतेकांनी मधली निवडली आणि सवलतीच्या जागांसाठी पैसे उरले नाहीत. सहा महिन्यांनी पद्धत बदलली: मूळ शुल्क म्हणजे खरा खर्च असे अर्जावर स्पष्ट लिहिले, वर देणे ऐच्छिक ठेवले आणि जमा होईल तेवढ्याच सवलतीच्या जागा द्यायच्या ठरवल्या. सध्या त्या दर शिबिरात दोन आहेत. फार कमी आहेत. जुने आचारी परत आले नाहीत. जमीन विकण्याच्या बाजूचे एक विश्वस्त मंडळातून बाहेर पडले.

काय वेगळे करता आले असते

मिळालेले एक वर्ष हीच सगळ्यात मोठी संधी होती. त्या १२ महिन्यांत संस्थापिकेच्या प्रत्येक शिबिरात एक पाहुणा मार्गदर्शक शेजारी बसला असता, तर जुन्या शिबिरार्थींना नवा आवाज त्यांच्याच सोबतीने ऐकायला मिळाला असता. उपस्थिती तरीही घटली असती, पण १९ पर्यंत नाही, असे व्यवस्थापक आणि विश्वस्त दोघांचेही मत आहे. कामांची वहीही त्याच वर्षी करायला हवी होती. निवृत्तीनंतर बोलावून घेण्यात संस्थापिकेला बराच शारीरिक त्रास झाला.

जादा गटांची चाचणी चार गटांवर घेता आली असती. दुसऱ्या गटानंतरच कपाटातल्या ओल्या चादरींनी उत्तर दिले असते.

सेवेकऱ्यांना कोणी पत्रच लिहिले नाही. बदल त्यांना वेळापत्रकातून कळला. नंतर व्यवस्थापकांनी एकेकाला फोन केला तेव्हा ग्रीस ट्रॅप बघणारे गृहस्थ यायला तयार झाले. दोन वर्षे आपल्याला कोणी विचारले नाही एवढेच त्यांचे म्हणणे होते. आता ते महिन्यातून एकदा येतात आणि नव्या माणसाला शिकवतात.

एक प्रश्न अजून उघडा आहे. संस्थापिकेवरचा भार विखुरला, पण त्यातला मोठा हिस्सा नकळत व्यवस्थापकांवर आला. म्हणून विश्वस्तांनी त्यांना हंगामाच्या मध्यावर ११ दिवसांची रजा सक्तीने घ्यायला लावली आणि या काळात त्यांना आलेला प्रत्येक फोन नोंदवायला सांगितले. तीन आले. एक गटाच्या संख्येबद्दल होता आणि दोन बॉयलरचा कोणता व्हॉल्व्ह आधी बंद करायचा याबद्दल. परतल्यावर त्यांनी व्हॉल्व्हना क्रमांकाच्या पाट्या लावल्या आणि बंद करण्याचा क्रम शेजारच्या भिंतीवर रंगवून घेतला. पुढच्या वर्षीची रजा २१ दिवसांची ठरली आहे.